न उघडायचा फोल्डर

आमच्या कारखान्यात डिझाइनचा फोल्डर उघडायला बंदी होती. ही बंदी डिझाइन काढणाऱ्या मास्तरांनी घातली होती आणि खुद्द शेठही ती पाळायचे.

कारण साधं होतं. फोल्डरवर क्लिक केलं की संगणक थोडा वेळ विचारात पडायचा. खिडकी पांढरी व्हायची, फाइल मॅनेजर बंद पडल्याची इंग्रजी पाटी यायची आणि खालच्या पट्टीसकट सगळं गायब. पडद्यावर उरायचं फक्त मागचं चित्र. मग मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. ते जुनं धूड जागं होईपर्यंत कॅन्टीनला जाऊन चहा पिऊन परत येता यायचं. नवा संगणक घ्यावा, तर डिझाइनचा प्रोग्राम त्याच मशीनवर चालायचा. त्याची किल्ली म्हणजे मशीनच्या पाठीत स्क्रूने बसवलेला काडेपेटीएवढा तुकडा होता. तो नव्या मशीनला बसत नव्हता आणि प्रोग्राम विकणारे लोक केव्हाच धंदा गुंडाळून गेले होते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींचा हा कारखाना. बी.कॉम. करून मी माढ्याहून सोलापूरला आले, खोली घेतली आणि इथे संगणकावर ऑपरेटर म्हणून लागले. पहिल्या दिवशी डिझाइनच्या खोलीत पाऊल टाकलं तर आतून आवाज आला, "चप्पल भायेर."

चप्पल काढून आत गेले. खुर्चीत एक वाळकुंडा माणूस बसला होता, तेच मास्तर. कानात अत्तराचा फाया, डोळ्यावर दोरीने बांधलेला चष्मा, खांद्यावर नापास मालातला टॉवेल.

"कुठली?"

"माढ्याची. माझं नाव..."

"नाव ऱ्हाऊ दे. नावं लई हायत हितं."

तेव्हापासून मी 'माढा' झाले. वॉचमन 'मैंदर्गी' होता, हिशेबाचे काका 'वैराग' होते. शेठना मात्र ते शेठच म्हणायचे. का, असं मी एकदा विचारलं. "त्याला गाव कुटं हाय? कारखान्यातच वाढलंय ते," म्हणाले. यात आदर किती आणि कीव किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मास्तर घरी कन्नड बोलायचे, आमच्याशी मराठी आणि मागावरच्या लोकांशी तेलुगू. संगणकाशी मात्र फक्त कन्नड. तो घरघरायला लागला की त्याच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणायचे, "साकु, साकु." म्हणजे पुरे आता. कारखान्यात कापसाचा तूस सगळीकडे बसतो, पापण्यांवर, डब्यात, घशात. खोलीत तो येऊ नये म्हणून ते दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचे. जेवण बाहेर, चहा बाहेर, शिंक आली तरी उठून बाहेर. एकदा शेठ हातात शेंगदाणे घेऊन आत आले, तर मास्तरांनी त्यांच्यापुढे नुसती ओंजळ धरली. शेठनी मुकाट्यानं दाणे त्यात टाकले.

पण खरी गंमत फाइलींच्या नावांची होती. तो जुना प्रोग्राम आठ अक्षरांपुढे नाव घेत नसे. दुसरा कुणी असता तर त्यानं नंबर टाकले असते. मास्तर त्या दिवशी जे घडलं असेल ते नाव द्यायचे. वेलबुट्टीच्या चादरीचं नाव 'दातदुखी'. मोराच्या काठाचा टॉवेल म्हणजे 'मेहुणा', कारण त्या दिवशी मेहुणा भांडून गेला होता. लहान मुलांच्या टॉवेलवरचे ससे 'संप' या नावाखाली होते.

"मास्तर, नंबर का नाही टाकत?"

"नंबर ध्यानात ऱ्हात न्हाय. दिवस ऱ्हातोय."

त्यांच्या ध्यानात राहायचा, हे खरं. फोल्डर उघडता येत नव्हता. प्रोग्रामच्या आतून 'ओपन' केलं तरी तीच खिडकी यायची आणि तशीच कोसळायची. मग एकच वाट उरायची. फाइलचा पूर्ण पत्ता हातानं टाइप करायचा, म्हणजे फोल्डर न उघडता ती एक फाइल थेट उघडते. आणि पत्ता फक्त मास्तरांना ठाऊक. ऑफिसातून शेठ ओरडायचे, "मास्तर, जर्मनीवाल्याचा निळा चौकडा!" मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून मास्तर मला सांगायचे, "डी! दोन टिंबं! उलटी काडी! डिझाइन! उलटी काडी! 'गॅससंपला'!" उलटी काडी म्हणजे पत्त्यातली तिरकी रेघ, बॅकस्लॅश.

शेठ पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं सांगायचे, "आमचे मास्तर म्हणजे चालताबोलता फोल्डर." पाहुणे हसायचे. मास्तर हसायचे नाहीत.

त्यांच्या पुतणीच्या लग्नाला मी गेले होते. हॉल खच्चून भरलेला, सगळ्यांच्या हातात अक्षता, आणि मास्तरांचा फोन वाजला. ते कानात बोट घालून भिंतीकडे वळले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलू लागले, "डी. दोन टिंबं. उलटी काडी..." शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना वाटलं, हे काहीतरी पुटपुटून म्हणायचं असतं. त्यांनी हात जोडले. मला हसू आवरेना. मास्तर वळले तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. त्यांनी मुठीतल्या अक्षता खिशात टाकल्या आणि पंगतीकडे चालू लागले.

कारखान्यात असं बोललं जायचं की फोल्डर मास्तरांनीच बिघडवून ठेवलाय. कुणी काढून टाकू नये म्हणून. मलाही ते खरं वाटायचं, कारण दुरुस्तीचं नाव काढलं की माणूस अंगावर यायचा. मी आल्याच्या वर्षी शेठनी सात रस्ता चौकातून एक दुरुस्तीवाला आणला. त्यानं मशीन उघडलं, आतली मेमरीची पट्टी काढली, शाळेतल्या खोडरबरानं घासून परत बसवली. मग व्हायरस शोधला. फोल्डर उघडला, खिडकी कोसळली. तो म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल." मास्तरांनी त्याची पिशवी उचलली आणि दाराबाहेर त्याच्या चपलांवर नेऊन ठेवली.

पुढे कधीतरी हिशेबाच्या काकांकडून कळलं. माझ्या आधी, हा फोल्डर बिघडायच्याही पूर्वी, मशीन हळू चालतंय म्हणून असाच एक जण आला होता. 'साफ करतो' म्हणाला आणि त्यानं खरोखरच साफ केलं. वर्षानुवर्षांची डिझाइनं गेली. ज्यांचे कपडे गोदामात सापडले ती मास्तरांनी भिंग लावून, धागा धागा मोजून पुन्हा काढली. बाकीची गेली ती गेलीच. तेव्हापासून त्यांचं ठरलेलं वाक्य एकच होतं. "बंद पडायलंय, पडू दे. मेलं तर न्हाय न्हवं?"

अशी वर्षं गेली. त्या खडखडाटात वर्षं जातात ती कळत नाहीत. संध्याकाळी खोलीवर गेलं तरी कानात माग चालू असतात आणि अंगात काही उरलेलं नसतं. मीही आठ अक्षरांत बोलायला शिकले. बंद पडायचं, चालू करायचं. कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मग मास्तर दुपारचे गप्प बसायला लागले. खुर्चीत मागे रेलून तोंडावर टॉवेल टाकायचे. मला वाटलं, वय झालं. एक दिवस कॅन्टीनच्या बाकावर, मी काही विचारलं नसताना, बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "हिला बार्शीला न्यायला लागतंय."

बार्शीला कॅन्सरचा दवाखाना आहे, त्यामुळे बार्शी म्हटलं की आमच्या भागात पुढचं विचारावं लागत नाही.

"सुट्टी घ्या की मग."

"मागितली. शेठ म्हणतंय, जावा की, न्हाय कोण म्हणतंय. फोन तेवढा चालू ठेवा."

ते जायचे आणि फोन चालू ठेवायचे. शेठ वाईट माणूस नव्हता. काकूंसाठी, म्हणजे मास्तरांच्या बायकोसाठी, त्यानं आपली गाडीही एकदोनदा दिली होती. पण गिऱ्हाईक समोर बसलं की त्याला दुसरं काही दिसत नसे. मास्तर गाडीत असोत नाहीतर औषधाच्या रांगेत, फोन जायचा, आणि इकडे मी टाइप करायची.

एकदा बार्शीहून आल्यावर मास्तर खोलीत आले ते चप्पल न काढताच. मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"माढा, तो फोल्डर नीट कर."

"काय झालं?"

"नीट कर म्हणतोय न्हवं. काय पण कर."

मी त्यांना पाणी दिलं. अर्धा ग्लास पिऊन झाल्यावर ते बोलले. दवाखान्यात दोघं बाकावर बसली होती. काकूंना आत जायची भीती वाटायची, म्हणून दर वेळी मास्तर दारापर्यंत हात धरून न्यायचे. त्या दिवशी शेठचा फोन आला. आत आवाज नीट ऐकू येईना म्हणून मास्तर जिन्यात गेले. मी जेवायला बाहेर गेले होते म्हणून शेठ स्वतः टाइप करत होते, त्यांना उलटी काडी सापडेना. मास्तर सांगत राहिले. काडी सापडली, तर नाव चुकलं. पुन्हा पहिल्यापासून.

"माघारी येऊन बघतोय तर बाक रिकामा. नंबर पुकारला आन् ही एकटीच उठून गेली." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "पिशवी तेवढी ठेवली हुती माझ्या जाग्यावर. कुणी बसू नये म्हणून."

"काकू काही म्हणाल्या?"

"काय म्हणतीय? म्हणली, झालं का काम?"

पुढच्या सुट्टीच्या दिवशी कारखान्यात आम्ही दोघंच होतो, आणि गेटवर मैंदर्गी. माग बंद असले की ती जागा ओळखू येत नाही. मास्तरांनी दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि मशीनच्या बटणाजवळ उभे राहिले.

माझ्या डोक्यात बरीच वर्षं एक शंका होती. फाइल मॅनेजर फोल्डर उघडताना आतल्या प्रत्येक चित्राची छोटी प्रतिकृती करून दाखवतो. एखादी फाइल आतून मोडलेली असेल, तर तिची प्रतिकृती करता करता तोच गळाठत असणार. तसं असेल तर एकच फाइल सगळ्यांना वेठीस धरून बसली होती.

"आधी सगळ्याची एक प्रत काढते. दुसऱ्या डिस्कवर."

"उघडायचं न्हाय."

"उघडत नाही. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा, न उघडता प्रत निघते."

प्रत निघेपर्यंत ते उभेच होते. मग मी सेटिंगमध्ये जाऊन छोटी चित्रं बंद केली, जुन्या चित्रांचा साठवलेला कचरा पुसला आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्म्याची दोरी मागे घट्ट ओढली.

"उघड."

फोल्डर उघडला. नुसती नावं, खालपर्यंत. खिडकी उभी राहिली. मास्तर वाकून बघू लागले, पण मी म्हटलं, "अजून नाही मास्तर. चित्रं दिसली तरच शेठना तुमच्याशिवाय सापडणार. खोट शोधायला हवी."

मग दिवसभर एकच काम. अर्ध्या फाइली नव्या फोल्डरात टाकायच्या, चित्रं चालू करायची, उघडायचा. कोसळला तर खोट या अर्ध्यात, नाही कोसळला तर त्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे अर्धे. दर वेळी कोसळलं की मशीन पुन्हा चालू करायचं आणि वाट बघत बसायचं. तेवढ्यात आम्ही बाहेर बसून जेवलो. मास्तरांच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी होती. भाकरी बोटभर जाड.

"मीच थापतोय आता," म्हणाले. "जाड हुतीय. ती पडल्या पडल्या हसतीय मला."

मी एक तुकडा खाल्ला. मधे कच्ची होती. छान झालीय म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उरलेली अर्धी स्वतःकडे ओढून घेतली.

"लोक म्हणतात, तुम्हीच बिघडवून ठेवलाय फोल्डर," मी धीर करून म्हटलं.

"म्हणू दे की." ते चटणी निपटत राहिले. "पयल्यांदा बरं वाटायचं. कुटं बी असलो तरी माझ्यावाचून अडायलंय म्हणून. मग अडायचं काय थांबंना."

उन्हं कलली तेव्हा शेवटी चारच फाइली उरल्या. मग दोन. मग एक. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि नाव वाचलं. 'लाइटगेली'.

आम्ही दोघं त्या नावाकडे बघत राहिलो. ती सेव्ह करता करताच वीज गेली होती. फाइल अर्धी लिहिली गेली आणि अर्धीच राहिली. वीज आल्यावर मास्तरांनी डिझाइन नव्यानं काढलं होतं. तेही तिथेच होतं, शहाण्यासारखं, 'लाइटआली' नावानं.

"मीच घातलंय की नाव," मास्तर म्हणाले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत, पण ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "टाक काढून."

एखादी फाइल पुसायला त्यांनी हो म्हटल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी ती पुसली आणि मूळ फोल्डर उघडला. छोटी चित्रं एकेक करून उमटू लागली. मोर, ससे, चौकडे, वेली, हत्ती, समया, परदेशी गिऱ्हाइकांचे नांगर आणि शिंपले. मी खाली सरकवत गेले, ती संपेचनात. मास्तर पहिल्यांदा त्या खोलीत माझ्या खुर्चीवर बसले.

"हे समदं मी केलंय व्हय?"

"तुम्हीच. दुसरं कोण?"

"एका जागी कधी बघितलंच न्हवतं." बराच वेळ ते बघत होते. शेवटी म्हणाले, "लई झालं गं. बंद कर."

दुसऱ्या दिवशी शेठना मी दाखवलं. त्यांनी स्वतः माउस हातात घेतला, वरून खाली, खालून वर फिरवला, मोरावर क्लिक करून मोर उघडला आणि लहान पोरासारखे खूश झाले. मास्तर तिथेच उभे होते. शेठची हौस फिटल्यावर म्हणाले, "शेठ, मी आता थांबतो. घरी बघाया लागतंय."

शेठची नजर पडद्यावरच होती. "बरं," ते म्हणाले. "कधीपासून?"

"म्हणाल तवापासून."

"मग ह्याच महिन्यापासून करू की. हितं आता काय अडत न्हाय."

बोलण्यात खोट काही नव्हती. मास्तरांना जायचंच होतं, त्यांना सोडलं होतं. शेवटच्या दिवशी एक शाल झाली, एक नारळ झाला. गेटपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेले. मैंदर्गीनं सलाम केला. मास्तर रिक्षाची वाट बघत उभे राहिले आणि शालीची घडी या हातातून त्या हातात करत राहिले.

"थांबा म्हणला असता तर मी थांबलो नसतोच," ते मधेच म्हणाले. "पण म्हणायचं तरी."

रिक्षा आली.

त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली. डिझाइनं सापडायची, पण नवी काढणारं कुणी नव्हतं. शेठनी दोन पोरं आणून बघितली. कुणाचा काठ वळणावर तुटायचा, कुणाचा मोर बदकासारखा व्हायचा. एक जुनं गिऱ्हाईक नवं काहीतरी मागत होतं. शेवटी शेठ मला म्हणाले, "तू जाऊन बघ. तुझं ऐकतील. दिवसातून दोन तास आले तरी चालतंय म्हणावं. गाडी पाठवतो."

मी दुपारची गेले. दोन खोल्यांचं घर, दारात तुळस. दार काकूंनी उघडलं. डोक्याला सुती रुमाल बांधलेला, हात काटकीसारखे, पण उभ्या होत्या, आणि पदराला पीठ लागलं होतं. मला बघून त्यांनी आधी तोंडावर बोट ठेवलं आणि मग हसल्या.

आतल्या खोलीत मास्तर जमिनीवर चटईवर झोपले होते. कुशीवर, गुडघे पोटाशी, तोंड उघडं. पंखा चालू होता. दोरीचा चष्मा काढून उशाशी ठेवलेला. एवढ्या वर्षांत मी त्यांना चष्म्याशिवाय पाहिलं नव्हतं. चेहरा ओळखीचा वाटेना.

काकूंनी चहा केला. आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तो कुजबुजत प्यायलो. तब्येत कशी, पोटात काय राहतं, केस परत यायला लागलेत, असं सगळं त्यांनी सांगितलं.

"हे बी दुपारचं झोपायलेत आता," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं दुपारचं झोपलेलं बघितलं न्हवतं मी. पयल्यांदा भ्यालेच. नाकाखाली बोट धरून बघितलं."

कप ठेवून मी उठले. काकूंच्या लक्षात आलं की मी उगीच आलेली नाही.

"काय काम हुतं का? उठवू?"

मी आत बघितलं. मास्तरांनी झोपेतच एक हात हलवून माशी उडवली आणि कूस बदलली.

"नको," मी म्हटलं. "सहज आले होते."

दार लावताना कडी वाजू नये म्हणून काकूंनी ती दोन्ही हातांनी धरली होती. मी रस्त्यावर आले, रिक्षा केली, कारखान्यात परतले. शेठ वाट बघत होते.

"काय म्हणाले?"

"भेट झाली नाही," मी सांगितलं. "कामात होते."